मुंबईहून काश्मीर ग्रेट लेक्स ट्रेक: तयारी कुठल्या क्रमाने करायची

मे महिना लागला की विचारणा सुरू होते, "जुलैत काश्मीर ग्रेट लेक्सला चाललोय, बूट कुठले घेऊ?" विमानाचं तिकीट काढून झालेलं असतं, ग्रुप ठरलेला असतो, ऑफिसातून कशीबशी सुट्टी मिळालेली असते आणि बाकी सगळं होऊन जाईल या भरवशावर सोडलेलं असतं. तयारीत काय काय लागतं हे बहुतेकांना माहीत असतं हो, पण क्रम चुकतो. तिकीट आधी, दिवस नंतर मोजले, व्यायाम शेवटच्या तीन आठवड्यांत आणि डॉक्टर तर नाहीच. मग तिसऱ्या दिवशी डोकं ठणकत तंबूत पडून राहायचं.

सह्याद्रीत वर्षानुवर्षं भटकणाऱ्यांचंही इथे चुकतं, किंबहुना त्यांचंच जास्त. कळसूबाई, महाराष्ट्राचं सगळ्यात उंच शिखर, १,६४६ मीटर. या ट्रेकची सुरुवात जिथून होते ते सोनमर्गच त्याच्या हजारभर मीटर वर आहे. सह्याद्रीत पाय तयार होतात, दम वाढतो, पण विरळ हवेची सवय तिथे होऊच शकत नाही, मुंबईत बसून तर नाहीच नाही. ती सवय फक्त तिकडे वर जाऊन, दिवस देऊन होते. म्हणून पहिली पायरी दिवसांची.

## आधी रूट समजून घ्या

सोनमर्गजवळच्या शिटकडीहून चढायला सुरुवात, मग निचनाई, विशनसर-किशनसर, गडसर, सतसर, गंगाबल-नुंदकोल ही तळी आणि शेवटी नारानागला उतरायचं. एकूण ७० ते ७५ किलोमीटर. तळी बहुतेक ३,५०० ते ३,८०० मीटरच्या दरम्यान आहेत, पण एका तळ्यावरून दुसऱ्यावर जायला खिंडी ओलांडाव्या लागतात आणि त्या तीन आहेत: निचनाई, गडसर आणि झज. यातली गडसर सगळ्यात उंच, सुमारे ४,२०० मीटर. चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के असतो, म्हणजे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजनही तेवढाच. हिमालयातला हा तुमचा पहिलाच ट्रेक असेल तर स्पष्ट सांगतो, आधी एखादा तीन-चार दिवसांचा सोपा ट्रेक करा आणि मग इकडे या. विशनसरच्या पुढे त्रास झाला तर परत फिरायचा रस्तासुद्धा लांबचाच आहे.

## १. आधी दिवस मोजा, तिकीट नंतर

सीझन जुलैपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. जुलैच्या सुरुवातीला निचनाई खिंडीत बर्फ असू शकतो, फुलं जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये, सप्टेंबरमध्ये गवत पिवळं पडायला लागतं, आकाश जास्त मोकळं मिळतं आणि रात्री थंडी चांगलीच बोचते. काश्मीर खोऱ्यात आपल्यासारखा मान्सून कोसळत नाही, पण पाऊस येतो, आणि चार हजार मीटरवरचा पाऊस म्हणजे कुडकुडायला लावणारा पाऊस.

जुलै-ऑगस्टमध्ये अमरनाथ यात्राही चालू असते. यात्रेचा बालटालचा रस्ता सोनमर्गवरूनच पुढे जातो, त्यामुळे गाड्यांचे ताफे, रस्त्यावर वेळेचे निर्बंध आणि हॉटेलांचे चढे भाव, हे सगळं गृहीत धरा.

आता दिवस. माझं गणित असं आहे:

- दिवस १: मुंबई ते श्रीनगर, मुक्काम (सुमारे १,५८५ मीटर)
- दिवस २: श्रीनगर ते सोनमर्ग, अंदाजे ८० किलोमीटर
- दिवस ३: सोनमर्गलाच मुक्काम, दिवसा थाजीवास हिमनदीच्या बाजूला चढून परत खाली
- दिवस ४: निचनाई
- दिवस ५: निचनाई खिंड ओलांडून विशनसर
- दिवस ६: विशनसरला थांबा, वर किशनसरपर्यंत जाऊन या
- दिवस ७: गडसर खिंड ओलांडून गडसर
- दिवस ८: सतसर
- दिवस ९: झज खिंड ओलांडून गंगाबल
- दिवस १०: नारानागला उतरून श्रीनगर
- दिवस ११: राखीव
- दिवस १२: मुंबई

शनिवारी निघालात तर ऑफिसची आठ दिवसांची सुट्टी लागते. आता लोक काय करतात, पाच दिवसांची सुट्टी मिळते म्हणून तिसरा, सहावा आणि अकरावा दिवस उडवतात. नेमके तेच तीन दिवस उडवायचे नसतात! तीन हजार मीटरच्या वर एका रात्रीत झोपायची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा नियम सांगितला जातो, आणि इथे सोनमर्ग ते निचनाई हाच टप्पा जवळपास ७०० ते ८०० मीटरचा आहे. कॅम्पची जागा काही आपल्याला बदलता येत नाही, मग त्याची भरपाई सोनमर्गला जास्तीची रात्र काढूनच करायची. राखीव दिवस यासाठी की पाऊस लागला, ओढा फुगला किंवा कुणी आजारी पडलं तर ग्रुपला खिंड रेटायची घाई होऊ नये.

सावध: परतीचं तिकीट गणपतीच्या आदल्या दिवसाचं काढू नका. घरी मूर्ती आणायची आहे या टेन्शनमध्ये लोक खराब हवेत खिंड ओलांडायला निघतात. एकतर गणपतीच्या आठवडाभर आधी परत या, नाहीतर विसर्जन करून निघा.

तपासा: त्या वर्षी ट्रेक सुरू आहे का? २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर काश्मीरमधली कितीतरी पर्यटनस्थळं बंद ठेवली होती. तिकीट काढायच्या आधी विचारा आणि दुसरा पर्याय तयार ठेवा. हिमाचलमधला हमता खिंड आणि चंद्रताल हा चांगला पर्याय आहे, पण लक्षात घ्या, हमता खिंड आणि चंद्रताल दोन्ही ४,२०० मीटरच्या वर आहेत, म्हणजे पुढची सगळी तयारी तीच.

## २. डॉक्टर, आणि तोही आत्ताच

ट्रेक कंपनीचा मेडिकल फॉर्म असतो, तो भरायला कॉलनीतल्या डॉक्टरकडे आदल्या आठवड्यात जायचं आणि सही घेऊन यायची, ही पद्धत सोडून द्या. दोन-अडीच महिने आधी जा. ब्लड प्रेशर, साखर, हिमोग्लोबिन आणि चाळिशीच्या पुढे असाल तर हृदयाची तपासणी. हिमोग्लोबिन कमी निघालं तर ते वाढवायला वेळ लागतो, बायकांनी तर हे पहिलं बघावं. दमा, बीपी, थायरॉइड, मागे कधी विरळ हवेचा त्रास, काहीही असेल तर लपवू नका, ना डॉक्टरपासून ना लीडरपासून.

डायमॉक्स या गोळीबद्दल याच वेळी विचारा. विरळ हवेचा त्रास टाळायला मोठ्या माणसांना साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात आणि चढायच्या आदल्या दिवशी सुरू करतात, पण तुम्हाला द्यायची की नाही हे डॉक्टरच ठरवतील. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा. गोळीने बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते, म्हणून डॉक्टर हो म्हणाले तर मुंबईत असतानाच एखाद-दोन दिवस घेऊन बघता येते, म्हणजे तिकडे गेल्यावर मुंग्या आल्या तर घाबरायला होत नाही. ही गोळी घेतली म्हणून पटपट चढायची मुभा मिळते असं मात्र अजिबात नाही.

कापराची पुडी! रुमालात कापूर बांधून हुंगत बसणारे प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. नाक मोकळं वाटतं, बस. रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही. तोंडाला लावायच्या त्या ट्रेनिंग मास्कनेही उंचीची सवय होत नाही, पैसे वाचवा.

## ३. मुंबईत राहून व्यायाम: दहा ते बारा आठवडे

मरीन ड्राइव्हवर किंवा शिवाजी पार्काला फेऱ्या मारून दम वाढतो हे खरं, पण ती सपाट जागा. या ट्रेकला पाय लागतात ते चढाला आणि त्याहून जास्त उताराला. आणि मुंबईत उतार मिळतो तो जिन्यात.

पहिले चार आठवडे: आठवड्यातून तीन दिवस भरभर चालणं किंवा हळू धावणं, दोन दिवस बिल्डिंगचे जिने. मे महिन्याच्या उकाड्यात सकाळी साडेपाचला बाहेर पडा, नऊनंतर नको.

पुढचे चार आठवडे: जिने सॅक घेऊन. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरा, पाच किलोपासून सुरुवात करून आठ किलोपर्यंत जा. वर चढून लिफ्टने खाली येतात लोक, आणि तिथेच अर्धा व्यायाम वाया जातो. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंवर जो ताण येतो त्याचीच सवय हवी असते, कारण शेवटच्या दिवशी गंगाबलहून नारानागला एका दमात बाराशे-तेराशे मीटर उतरायचंय.

शेवटचे आठवडे: शनिवार आणि रविवार लागोपाठ. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सह्याद्रीतले आपले ट्रेक एका दिवसाचे, रविवारी गड करायचा आणि सोमवारी दुखरे पाय घेऊन लोकल पकडायची. तिकडे दुखरे पाय घेऊन दुसऱ्या दिवशी परत सात-आठ तास चालायचं असतं, तिसऱ्या दिवशीही. म्हणून शनिवारी बारी गावातून कळसूबाई, रात्री तिथेच मुक्काम, रविवारी रतनगड, असं काहीतरी करा. कर्जतच्या बाजूला खांडसहून भीमाशंकर गणेश घाटाने, किंवा भिवपुरीहून गारबेटमार्गे माथेरान हेही चालेल. बाहेर जाणं जमत नसेल तर बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीपर्यंत चालत जाऊन परत या, दोन्ही दिवस, सॅक घेऊन.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की कातळ निसरडे होतात. जड सॅक घेऊन रॉकपॅच किंवा शिडीच्या वाटेला जाऊ नका, ट्रेकच्या तीन आठवडे आधी घोटा मुरगळला तर सगळंच गेलं.

तपासा: ट्रेकच्या दोन आठवडे आधी आठ किलोची सॅक घेऊन लागोपाठ दोन दिवस सहा-सात तास चाला, चढ-उतार असलेल्या वाटेवर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुडघ्यात दुखत नसेल (स्नायू दुखले तर हरकत नाही) आणि चढावर तुटक का होईना बोलता येत असेल, तर तुम्ही तयार आहात. गुडघा दुखत असेल तर तारीख पुढे ढकला किंवा सोपा ट्रेक घ्या. शेवटचा आठवडा हलकं चालणं, बाकी आराम.

## ४. बूट, कपडे, सॅक

आता बूट. घोट्यापर्यंत येणारे, तळ जाड आणि चांगली पकड असलेले. दुकानात संध्याकाळी जा कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात, ट्रेकला घालणार तेच जाड मोजे घालून बघा आणि पुढे बोटांसमोर अंगठ्याएवढी जागा हवी. दुकानात उताराची फळी असेल तर त्यावर खाली तोंड करून उभे राहा, बोटं पुढे टेकली तर एक साइज मोठा घ्या. व्यायामाच्या पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून हेच बूट घालून जिने चढा. माळ्यावरचे जुने बूट वापरणार असाल तर तळ चिकटवलेला आहे तिथे दोन्ही हातांनी वाकवून बघा, मुंबईच्या दमट हवेत दोन वर्षं पडून राहिलेल्या बुटांचा सोल वाटेत सुटून येतो.

कपड्यांचा नियम एकच, सुती नको. घामाने किंवा पावसाने भिजलेला सुती टीशर्ट खिंडीतल्या वाऱ्यात अंगावर गार पडतो आणि अंगातली ऊब ओढून घेतो. जीन्स तर अजिबात नाही. अंगालगत पटकन सुकणारा कपडा, त्यावर फ्लीस, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट, आणि कॅम्पवर बसायला एक जाड पॅडेड जॅकेट. खाली दोन ट्रेक पँट, झोपायला थर्मल. झोपायचा जोड वेगळा ठेवा, तो चालताना कधीच घालायचा नाही, कितीही मोह झाला तरी.

सॅकचं रेनकव्हर पुरेसं नसतं. पाणी पाठीच्या बाजूने आत येतं. सॅकच्या आत आधी कचऱ्याची मोठी जाड काळी पिशवी घाला आणि सगळं त्यात भरा, स्लीपिंग बॅग आणि झोपायचे कपडे परत वेगळ्या पिशवीत. यूव्ही गॉगल, टोपी, सनस्क्रीन, हेडटॉर्च (मोबाइलचा टॉर्च चालणार नाही, हात मोकळे हवेत), दोन ट्रेकिंग पोल, हातमोजे, ओढे पार करायला पट्टेवाले सँडल, शिट्टी, दोन लिटर पाणी मावेल एवढ्या बाटल्या. पॅड लागणार असतील तर पाळीची तारीख नसली तरी घ्या, उंचीवर आणि दगदगीत तारखा पुढेमागे होतात, आणि वापरलेले पॅड परत आणायला झिपची पिशवी.

सावध: गॅसचं कॅनिस्टर विमानात कुठेच चालत नाही, लायटरही घरी ठेवा. पॉवर बँक केबिन बॅगेतच. पोल चेक-इन सामानात टाका.

## ५. ट्रेक कंपनीला विचारायचे प्रश्न

स्वस्त-महाग नंतर. आधी हे फोनवर विचारा: किती माणसांमागे एक गाइड? ऑक्सिजन सिलिंडर प्रत्येक कॅम्पवर असतो का, की फक्त एकाच ठिकाणी? कुणी आजारी पडलं तर खाली न्यायला घोडा राखीव असतो का आणि त्या माणसाबरोबर कोण उतरतं? विशनसरला एक दिवस थांबतात की नाही? नसतील थांबत तर दुसरी कंपनी बघा. हवा खराब असेल तर परत फिरायचा निर्णय कुणाचा?

उत्तरं गोलगोल आली तर तिथेच थांबा.

विमा काढताना पॉलिसीत उंचीची मर्यादा किती लिहिलीय ते वाचा. बऱ्याच ट्रॅव्हल पॉलिसीत ट्रेकिंगचा समावेश नसतो, किंवा ठरावीक उंचीपर्यंतच असतो. तुमची खिंड ४,२०० मीटरची आहे.

## ६. कागद, फोन, पैसे

ओरिजिनल आधार कार्ड. मोबाइलमधला फोटो नाही, ओरिजिनल, आणि ते सॅकच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवा, कारण वाटेत लष्कराच्या चौक्यांवर तपासणी होते. हा भाग नियंत्रण रेषेपासून फार लांब नाही. चौक्यांचे, जवानांचे फोटो काढू नका, ड्रोन नेऊ नका. सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर भारतात परवानगीशिवाय जवळ बाळगणं बेकायदेशीर आहे, परदेशातल्या नातेवाइकाने प्रेमाने दिलेलं असलं तरी घरीच ठेवा.

बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड चालतं. पण सोनमर्ग सोडलं की तसंही नेटवर्क विसरा. घरच्यांना निघायच्या आधीच सांगून ठेवा की सात दिवस फोन लागणार नाही, कुठल्या तारखेच्या संध्याकाळपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची आणि कंपनीच्या कुठल्या नंबरवर विचारायचं. हे लिहून फ्रिजवर लावा. आई-बाबा दुसऱ्या दिवसापासून फोन लावत बसतात, त्यांना उगाच घोर नको.

रोख पैसे सोबत ठेवा, ऐनवेळी घोडा करावा लागला तर तिथे यूपीआय चालणार नाही.

## ७. प्रवास आणि सोनमर्गची रात्र

मुंबईहून श्रीनगरला थेट विमान आहे. रेल्वेने जायचं तर वांद्रे टर्मिनसहून स्वराज एक्सप्रेस कटऱ्यापर्यंत जाते आणि जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झालीय, पण जाण्या-येण्याचे जादा दिवस वरच्या हिशेबात मिळवा, त्यातून कापू नका. श्रीनगर ते सोनमर्ग रस्त्यावर जानेवारी २०२५ मध्ये बोगदा सुरू झाल्यामुळे गगनगीरच्या पुढचा टप्पा सोपा झालाय.

सोनमर्गला पोचल्यावर लोक दिवसभर खोलीत झोपतात. तसं नको. पाणी प्या, दुपारी सावकाश चढून तीनशे-चारशे मीटर वर जाऊन या आणि झोपायला परत खाली, यानेच शरीराला सवय लागते. दारू नको, झोपेच्या गोळ्या नकोत. श्रावण सुरू असेल तर या दिवसांत उपास धरू नका, शरीराला इथे एकेक घास लागणार आहे, आणि भूक तशीही मंदावते.

तपासा: सोनमर्गच्या दुसऱ्या सकाळी डोकं दुखतंय? मळमळ आहे? असेल तर त्या दिवशी चढायचं नाही.

## ८. वाटेवर: घड्याळ बघून चाला

खिंड दुपारी बाराच्या आत ओलांडायची, म्हणून पहाटे निघायचं. दुपारनंतर ढग चढतात, पाऊस, कधी गारा, कधी विजा. वीज कडाडायला लागली की खिंडीत फोटोसाठी थांबायचं नाही, पोल खाली करा आणि सरळ उतरा.

चढाचा वेग इतका ठेवा की शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. पहिल्या दिवशी जोशात पुढे पळणारे तरुण हेच तिसऱ्या दिवशी मागे पडतात. गडसर खिंडीचा चढ खडा आहे आणि वाट अरुंद, घोडे आले तर डोंगराच्या बाजूला उभे राहा, दरीच्या बाजूला कधीच नाही. निचनाई आणि झज खिंडीत घसारा आणि मोठे दगड आहेत, तिथे दोन माणसांत अंतर ठेवा म्हणजे वरून सुटलेला दगड खालच्याला लागणार नाही.

ओढे सकाळी उतरलेले असतात, दुपारी बर्फ वितळून फुगतात. पार करताना सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, पाय घसरलाच तर सॅक पटकन फेकता आली पाहिजे. अनवाणी नको, सँडल घाला. प्रवाहाकडे तोंड, पोल टेकवून एकेक पाऊल. गुडघ्याच्या वर पाणी असेल आणि वेग असेल तर थांबा, लीडरला विचारा.

पाणी कितीही काचेसारखं दिसलं तरी तसंच पिऊ नका. या कुरणांत गुज्जर-बकरवाल लोकांच्या शेकडो मेंढ्या चरतात, वरच्या अंगाला काय आहे ते तुम्हाला दिसत नाही. उकळलेलं किंवा गोळ्या टाकून ठरलेला वेळ थांबून मगच प्यायचं, दिवसाला तीन-चार लिटर. मेंढ्यांचे कुत्रे राखणीचे असतात, कळपाच्या मधून जाऊ नका, लांबून वळसा घाला आणि कुत्रा भुंकत आला तर पळू नका.

सावध: तळ्यात उतरायचं नाही. पावसाळ्यात धबधब्यात भिजायची आपली सवय असते, पण हे बर्फाचं पाणी आहे. एकदम उडी मारली की श्वास अडकतो, हातपाय काही मिनिटांत काम करेनासे होतात आणि पट्टीचा पोहणारासुद्धा बुडतो. पाय बुडवा, तोंड धुवा, पुरे.

## ९. विरळ हवेचा त्रास: हा भाग ग्रुपमध्ये सगळ्यांनी वाचा

डोकं दुखणं, त्यासोबत मळमळ, भूक न लागणं, चक्कर, नुसता थकवा, ही सुरुवात. लोक म्हणतात पित्त झालंय, ऊन लागलंय, रात्रीचा राजमा बाधला. उंचीवर डोकं दुखलं की ते उंचीमुळेच आहे असं धरायचं, दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत. पाणी, आराम, लागली तर पॅरासिटामॉल, आणि महत्त्वाचं म्हणजे लक्षणं जाईपर्यंत त्याच उंचीवर राहायचं. वर जायचं नाही. वाढत गेली तर खाली.

दोन गोष्टी जिवावर बेतणाऱ्या आहेत. पहिली छातीत पाणी होणं: बसल्या जागी धाप, कोरडा खोकला जो वाढत जातो, ओठ-नखं निळसर, पुढे गुलाबी फेसाळ थुंकी. दुसरी मेंदूला सूज: माणूस बरळतो, चिडतो, बुटाची लेस बांधता येत नाही, तोल जातो. याची सोपी चाचणी आहे. जमिनीवर सरळ रेष आखा आणि त्यावर पावलाला पाऊल लावून, टाच पुढे चवडा मागे, दहा पावलं चालायला सांगा. शेजारी एखाद्या धडधाकट माणसाला चालवून तुलना करा. तोल गेला की त्याच क्षणी उतरायची तयारी, रात्र असली तरी. ऑक्सिजन द्या, औषधं लीडर देईल, पण खरा इलाज खाली उतरणं हाच. सकाळी बघू हे शब्द इथे उच्चारायचे नाहीत, आणि आजारी माणसाला एकट्याला खाली पाठवायचं नाही.

या ट्रेकची गोम अशी की गडसरच्या कॅम्पवरून कुठल्याही बाजूला खाली जायचं तर मध्ये चढ येतो. म्हणून खरा निर्णय विशनसरच्या सुट्टीच्या दिवशी घ्यायचा असतो. त्या संध्याकाळी प्रत्येकाने खरं सांगायचं. ज्याचं डोकं अजून दुखतंय त्याने गडसर खिंडीकडे जाऊ नये.

ऑक्सिमीटरवर फार भिस्त ठेवू नका. थंड बोटं, नेलपॉलिश, यामुळे आकडा चुकीचा येतो. हात चोळून गरम करा, पाच मिनिटं शांत बसा, मग लावा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. एकमेकांचे आकडे ताडून बघत बसण्यात अर्थ नाही, कारण ८५ असूनही माणूस ठणठणीत असतो आणि ९० असून आजारी असू शकतो. आधी लक्षणं बघायची, मग आकडा.

## १०. शेवटचा उतार आणि परतीचा प्रवास

गंगाबलहून हरमुख (५,१४२ मीटर) समोर दिसतो, सगळे खूश असतात, आता फक्त उतार. आणि पडापडी नेमकी याच दिवशी होते. आदल्या रात्री पायाची नखं कापा, नाहीतर उतरताना बोटं बुटावर आपटून नखं काळी पडतात. लेस घोट्यापाशी घट्ट बांधा म्हणजे पाऊल पुढे सरकत नाही. पोलची लांबी उतारासाठी थोडी वाढवा. पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले. शेवटचा तास पाइनच्या जंगलातला आहे, पाऊस झालेला असेल तर मुळं आणि माती दोन्ही घसरतात.

श्रीनगर विमानतळावर बाहेरच्या गेटपासूनच तपासणी सुरू होते, सामान उतरवून स्कॅन करावं लागतं आणि आत परत तपासणी होते. तीन तास आधी पोचा. सॅक अशी भरा की पटकन उघडता येईल.

घरी आल्यावर ओली सॅक कोपऱ्यात टाकून झोपू नका, ऑगस्टमधल्या मुंबईत दोन दिवसांत बुरशी चढते. बुटांचे इनसोल काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, रोज बदला, उन्हात किंवा गीझरजवळ ठेवू नका, सोलचा गोंद सुटतो. स्लीपिंग बॅग पंख्याखाली दोन दिवस पसरून पूर्ण सुकवा आणि तिच्या छोट्या पिशवीत दाबून न ठेवता मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवा.